ईशकृपेने आपत्ती नाही

२ सप्टेंबर १९५६, रविवार

दोन महिने वहीला हात लावला नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं. पाऊस उघडला आणि कंपूच्या मैदानावर मोसमातली पहिली फ्रेंडली झाली, छावणी इलेव्हन विरुद्ध मुरार.

फ्रेंडली म्हणजे हॉकीची सरावाची मॅच. कप नाही, ढाल नाही, हरलं तरी कुणी जाब विचारत नाही. खरी टुर्नामेंट डिसेंबरात, तिला सगळं ग्वाल्हेर लोटतं. फ्रेंडलीला नेमाने जाणारे आम्ही दोघंच, मी आणि महिपतराव भोइटे. यंदा तीस वर्षं झाली. महिपतराव एके काळी संस्थानच्या फौजेच्या टीमचा गोली, म्हणजे गोलकीपर, होता. गुडघ्यावर चेंडू बसला, फौज सुटली आणि मोतीमहालातल्या सचिवालयात दफ्तर-शाखेत माझ्या शेजारच्या मेजावर येऊन बसला. बायको दहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. छावणी इलेव्हनच्या गोलीला शिकवतो, तेच त्याचं पोर. हा गोली म्हणजे सूर्याजी, दवाखान्यात कंपाउंडर. औषधाची बाटली हातातून पडत नाही, चेंडू मात्र पायातून जातो.

आम्ही गोलच्या मागे बसतो. महिपतराव मैदान दाबायच्या रुळावर, मी छत्री उघडून त्याच्या सावलीच्या बाजूला. महिपतराव बोलत राहतो. "अरे झोपला काय! पाय जोड! पंत, बघ याला, डी म्हणजे काय याच्या सासऱ्याचं अंगण आहे?" मी मान डोलावतो. आमच्या गल्लीत मी हॉकीचा जाणकार समजला जातो आणि ते चूक नाही. आज सेंटर हाफ झोपेत खेळला असं महिपतरावाचं मत पडलं. विचारांती माझंही तेच पडलं. गोल व्हायच्या आधी महिपतरावाच्या मिशीचं डावं टोक हलतं, ही गोष्ट माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानात आली नसेल.

परत येताना नेहमीसारखी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जलेबी खाल्ली. महिपतराव म्हणाला, "पंत, नोव्हेंबरात ही टीम काय करेल माहीत नाही. आपण तरी कुठे असू?" मी विषय बदलला. एक नोव्हेंबरला मध्यभारत हे आमचं राज्य संपणार आणि मोठ्या मध्य प्रदेशात जाणार. आठ वर्षांचं राज्य, मुंजीच्या वयाचं. राजधानी भोपाळ. म्हणजे मोतीमहाल उठणार.


५ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसात फॉर्म आले, नव्या शुद्ध हिंदीत. आमच्या शाखेतली दोन माणसं सोडून सगळी भोपाळला जाणार हे ठरल्यातच जमा होतं. आता म्हणतात एकच जागा राहणार, जुन्या दफ्तराची. ती मला किंवा महिपतरावाला, कारण जुनी मोडी आम्हा दोघांनाच वाचता येते.

फॉर्मचे पाच रकाने. नाव, पद, सेवाकाल, परिवार के सदस्य आणि शेवटी 'आपत्ति, यदि हो'. माझा सरकारबद्दलचा आदर वाढला. जन्मभर 'उज्र' आणि 'एतराज' असल्या रुक्ष शब्दांचे कागद पाहिले. नव्या सरकारने माणसाच्या घरात कोणी आहे का आणि काही संकट आहे का, एवढं तरी विचारलं. भोपाळबद्दल वेगळं विचारतीलच.

अण्णांच्या डोळ्यांचं लिहावं असं क्षणभर मनात आलं. माझे वडील गोपाळकृष्णपंत एक्याऐंशीचे आहेत, चौदा वर्षं काहीही दिसत नाही. पण रोज सकाळी एकटे राममंदिरात जातात. आमच्या दारापासून एकशे बारा पावलं, मध्ये एक नाली, वळणावर तेलाच्या घाण्याचा वास. दौलतगंजच्या या गल्लीत ते आंधळे नाहीत. मग आपत्ती कसली? शिवाय अण्णांचंच सांगणं आहे की अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. बोलू नये ते लिहावं, आणि तेही सरकारी कागदावर, तीन प्रतींत? मी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'ईशकृपा से कोई आपत्ति नहीं है।'

बडे बाबू लक्ष्मीकांतजींनी फॉर्म वाचून माझ्याकडे टक लावून पाहिलं. "पंतजी, सोच लिया?"

"इसमें सोचना क्या, बडे बाबू?"

"आप बडे साहसी हैं," ते म्हणाले. खरं माणूसपण जाणणारा अधिकारी विरळाच.

महिपतराव आज नव्हता, मैदानावर चुना टाकायला गेला होता. उद्या भरेल.


९ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. महिपतराव दर्शनाला आला. त्याने दार ओलांडायच्या आधीच अण्णा म्हणाले, "महिपत, मोदक मोजून ठेवलेत. पद्माला फसवू नकोस." त्याने फसवलं. पद्मा म्हणाली, "भावजी, तेरावा तोंडात आहे तोवर चौदाव्याला हात लावू नये." ही माझी बायको माझ्याशी इतकं गोड बोलत नाही.

आज मैदान ओलं होतं, मॅच नाही. दिवस फुकट गेला.


१६ सप्टेंबर, रविवार

मैदानावरून आलो तसा, चपलाही न काढता लिहायला बसलो आहे. अक्षर बिघडलं तर बिघडो.

छावणी विरुद्ध हजीरा. पहिल्या हाफमध्ये आमच्या लेफ्ट इनने गोल मारला. वाद असा की चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, आतून मारला की बाहेरून; बाहेरून मारलेला गोल धरत नाहीत. पावसाने चुन्याची रेघ धुऊन गेलेली, डी कुणालाच दिसत नव्हता. हजीऱ्याच्या टीमचे मॅनेजर रमाकांत मास्तर शाळेत हिंदी शिकवतात. ते धोतर सावरत मैदानात धावले आणि अंपायरसमोर हात उंचावून गरजले, "हमें इस गोल पर घोर आपत्ति है!"

मी ताडकन उठलो. "अरे, काय झालं? कुणाला लागलं?"

"कुणाला नाही लागलं. बैस," महिपतराव म्हणाला.

"घोर आपत्ती म्हणाले ना ते? घरून निरोप आला की काय?"

"अरे पंत, त्याला गोल मंजूर नाही, एवढंच. आपत्ति म्हणजे एतराज. आजकाल हेच चालू आहे, ऑफिसच्या फॉर्ममध्ये पण तर हेच होतं."

मी विचारलं, "पाचवा रकाना... म्हणजे भोपाळला जायला?"

"मग काय घरची हालचाल विचारतात? तू अण्णांचं लिहिलं ना?"

मी काय लिहिलं ते सांगितलं. महिपतराव इतका हसला की रुळावरून घसरून गवतात बसला. "ईशकृपेने! ईशकृपेने आपत्ती नाही!" सूर्याजी मागे वळून पाहायला लागला आणि तेवढ्यात हजीऱ्याचा गोल झाला. माझ्या जिवावर बेतलं आहे आणि हा हसतोय, याचा मला संताप आला.

मग तो हसायचा थांबला. उठून रुळावर बसला आणि मॅच संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. आणखी तीन गोल गेले तरी सूर्याजीला शिवी नाही. तीस वर्षांत महिपतराव मॅचमध्ये गप्प बसल्याचं मी प्रथम पाहिलं. चार गोल खाऊन हरणं त्याला फारच लागलेलं दिसतं. जलेबीसुद्धा खाल्ली नाही.


१७ सप्टेंबर, सोमवार

बडे बाबूंकडे गेलो. फॉर्म शनिवारीच वर गेले. मी शब्दाचा घोटाळा समजावून सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पंतजी, औरों ने तो सिर्फ लिखा है, 'आपत्ति नहीं'. आपने ईश्वर को गवाह बना दिया. अब मैं कैसे काटूँ?"

घरी पद्माला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मराठी इतकी शुद्ध बोलता ना, तरी मला वाटायचंच." काय वाटायचं ते सांगेना.

मी हातपाय गाळणारा नाही. सचिवांना अर्ज लिहायला घेतला आहे. वाचनालयातून हिंदी कोश आणला. भाषा अशी हवी की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं.


१८ सप्टेंबर, मंगळवार

अर्ज पुरा झाला. तीन पानं. 'जराजर्जर जनक' हा शब्दप्रयोग मला स्वतःला फार आवडला. महिपतरावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "पंत, हे सचिव साहेबाला समजायला पण एक बाबू लागेल." त्याला साहित्याचं अंग नाही. लिफाफा डिंकाने नीट चिकटवून बडे बाबूंकडे दिला.


२० सप्टेंबर, गुरुवार

कच्ची यादी लागली. मी भोपाळला. महिपतराव ग्वाल्हेरला. त्याने सहा तारखेला शहाण्यासारखं लिहिलं होतं, 'आपत्ति है', कारण गुडघा आणि क्लब.

त्याच्यासाठी मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ही वही कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो, यादी पाहून मला त्याचा राग आला. त्याने माझं काही घेतलं नाही. माझ्याच हाताने गेलं. तरी आला.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. जाऊ. राम काय इथेच आहे?" मग दुपारी स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. अण्णा कधी स्वयंपाकघरात जात नाहीत. पाहतो तर हात पुढे करून, भिंतीला न धरता चालून बघत होते, पाट्याला अडखळून पडलेले. मी उठवलं. म्हणाले, "काही नाही रे, सराव करत होतो. भोपाळात सगळ्याच खोल्या नव्या असतील ना." कपाळाला खोक पडली आहे. पद्माने हळद दाबली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, मला घरात उभं राहवेना.

संध्याकाळी महिपतराव आला. अण्णांचं कपाळ पाहिलं. मग मला विचारतो, "मंदिर किती कदम आहे म्हणालास?" एकशे बारा म्हटलं. "नाली एकच ना?" एकच म्हटलं. त्याने तोंडातल्या तोंडात दोनदा घोकलं. माझ्या घरावर वीज पडली आहे आणि हा नाल्या मोजतोय. माणूस साधा आहे, पण वेळ कुठली ते कळत नाही.


२५ सप्टेंबर, मंगळवार

अर्ज फळला!

बडे बाबूंनी बोलावून सांगितलं, माझं नाव ग्वाल्हेरच्या जागेवर, महिपतराव भोपाळला. मी म्हटलं, "सचिव साहेबांनी अर्ज वाचला वाटतं?" ते म्हणाले, "पंतजी, अर्जी में बडा दम था." मी म्हटलं, कोशातून शब्द वेचावे लागतात, बडे बाबू, सहज येत नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. कौतुक वाटलं असणार.

महिपतरावाला कसं सांगावं या काळजीत मी मेजावर आलो, तर तो शीळ घालत होता. म्हणाला, "मीच बोललो बडे बाबूला, मला भोपाळ पाहिजे. अरे, क्वार्टरमध्ये बिजलीचा पंखा आहे! तलाव आहे, मच्छी मारू. आणि पंत, हॉकी तर भोपाळची! इथे काय, सूर्याजीच्या पायातून चेंडू जाताना बघायचा?"

म्हणजे माझ्या अर्जाने जागा मागायची आणि त्याच वेळी याने सोडायची, असा योग जुळून आला. सगळ्यांचंच भलं झालं.

मग मला इतकं वाईट का वाटतं आहे? पंख्याच्या वाऱ्यासाठी माणूस तीस वर्षं सोडून जातो. निदान तोंड तरी जरा उतरलेलं दाखवायचं.


३० सप्टेंबर, रविवार

फ्रेंडलीला गेलो नाही. सर्दी झाली असा निरोप पाठवला. महिपतरावाने उलट निरोप पाठवला, 'सर्दीला आपत्ती समजू नये.'

पद्मा म्हणाली, "मित्र भोपाळला जाणार म्हणून रुसलात?"

मी म्हटलं, "त्याला मुळीच वाईट वाटत नाही, याचं वाईट वाटतं."

ती हातातली भाजी निवडायची थांबली. "तुम्ही मॅट्रिकला पहिले आला होतात ना?"

"दुसरा."

"तरी पुष्कळ झालं," म्हणाली आणि परत भाजी निवडायला लागली.

अण्णाही आज विचित्र बोलले. "काल महिपत जिना उतरताना मध्येच थांबला. बराच वेळ उभा होता. काय झालंय त्याला?" मी म्हटलं, गुडघा. दमट हवेत दुखतो. अण्णा "असेल" म्हणाले.


१२ ऑक्टोबर, शुक्रवार

जाणाऱ्यांचे कागद आता माझ्या ताब्यात येत आहेत, एकेक गठ्ठा उघडून लावायचा. दुपारी बदल्यांचा गठ्ठा सोडला. वरच माझा लिफाफा होता. डिंक जसाच्या तसा. कुणी फोडलाच नव्हता. जराजर्जर जनक आत सुखरूप होते.

त्याखाली एक चतकोर कागद. महिपतरावाचं अक्षर, एकेक अक्षर गोलपोस्टएवढं. तारीख २१ सप्टेंबर. इथे उतरवून ठेवतो.

'मेरे जाने में जो आपत्ति थी सो वापस लेता हूँ। अब मेरी आपत्ति श्रीपाद पारनेरकर के जाने में है। उनके पिताजी को दिखता नहीं। इस गली में उनका काम बराबर चलता है। मंदिर एक सौ बारा कदम है, बीच में एक नाली। भोपाल में नया रस्ता कौन गिनके देगा। मुझे किसी को रस्ता दिखाना नहीं पडता। श्रीपाद को यह बात मालूम नहीं होना।'

समासात बडे बाबूंची लाल शाई, 'आपत्ति स्वीकार'.

हिंदीत त्याचा अर्थ एतराज मान्य. मी मात्र तो मराठीतच वाचला. पुन्हा पुन्हा वाचला. पहिल्यांदा मला माझी मराठी बरोबर वाटली.

मग गठ्ठा तसाच टाकून मी खाली गेलो. नळावर तोंड धुतलं. पंखा, तलाव, मच्छी! या माणसाने जन्मात मासा पकडला नाही, गळाला आळी लावताना त्याला कसंतरी होतं. मला हे माहीत होतं. मी पंचवीस तारखेला हे सगळं ऐकलं आणि वर त्याचाच राग धरून बसलो. पद्माला कळलं, अण्णांना कळलं. मी मॅट्रिकला दुसरा.


१३ ऑक्टोबर, शनिवार

बडे बाबूंना एका ओळीचा अर्ज दिला. कोश न पाहता लिहिला. 'मुझे महिपतराव भोइटे के जाने में आपत्ति है।'

त्यांनी वाचला. "पंतजी, वो आपके लिए जा रहे हैं, आप उनके लिए जाएँगे, फिर वो आपके लिए... सरकार को एक नवंबर तक राज्य बनाना है." अर्ज परत माझ्या हातात दिला. "और पिताजी?"

मी अर्ज घडी करून खिशात टाकला. अण्णांना घेऊन मी जाऊ शकत नाही आणि त्यांना सोडूनही नाही, हे महिपतरावाने माझ्याआधी ओळखलं होतं.


१४ ऑक्टोबर, रविवार, दसरा

महिपतराव सोनं घेऊन आला. अण्णांच्या पाया पडला. मग आम्ही दोघं खाली ओट्यावर बसलो.

मी म्हटलं, "वाचला."

"काय?"

"तुझा अर्ज."

तो रस्त्याकडे बघत राहिला. मिशी हलली नाही. "हिंदी कशी होती?"

"दोन चुका आहेत. बारह आणि रास्ता."

"फक्त दोन? मग पास झालो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे बघ पंत, आता तू तोंड असं नको करू. मला दिसतं. मी कुठे पण जाईन, रस्ता बघून घेईन. अण्णा कसे बघतील?"

"तू एकटा काय करशील तिथे?"

"ते मात्र मालूम नाही," तो म्हणाला. प्रथमच खरं बोलला. मग म्हणाला, "एक एतराज आहे माझा. तू त्या दिवशी सर्दीचं खोटं सांगितलं. तीस वर्षांत तुझी एक फ्रेंडली चुकली. रेकॉर्ड खराब केलं तू."

मी त्याचा हात धरला. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी भर गल्लीत दोन पुरुष हात धरून बसले होते. घाणेवाल्याने पाहिलं. पाहू दे.


२८ ऑक्टोबर, रविवार

महिपतराव गेला. स्टेशनवर एक ट्रंक, एक वळकटी आणि हॉकी. सूर्याजी रडला. महिपतराव त्याला म्हणाला, "रडताना पण पाय फाकून उभा आहेस. पाय जोड!"

गाडी सुटताना मला म्हणाला, "दर रविवारी कार्ड टाक. मॅच कशी झाली, कोण कसा खेळला, पूर्ण लिही. तू आहेस म्हणून मला फिकर नाही, तुझी नजर तयार आहे." मी कबूल केलं. तीस वर्षांच्या जाणकाराला एक कार्ड म्हणजे काय अवघड?

तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभा होता. नंतर मला वाटतं मी बराच वेळ फलाटावर होतो, कारण घरी आलो तेव्हा पद्माने जेवण दुसऱ्यांदा गरम केलं.


१ नोव्हेंबर, गुरुवार

नवं राज्य झालं. मोतीमहालात मी, चौकीदार आणि दफ्तर. शेजारच्या मेजावर कुणी नाही.


११ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीमुळे गेल्या रविवारी मॅच नव्हती. आज कंपूवर छावणी विरुद्ध हजीरा, फ्रेंडली. जायचं जिवावर आलं होतं. अण्णा म्हणाले, "कार्ड लिहायचं कबूल केलंस ना? चल, मीही येतो. महिपतच्या तोंडून इतकी वर्षं हॉकी ऐकतोय, एकदा मैदानावर ऐकू." टांगा केला. गोलच्या मागे महिपतरावाच्या जागी अण्णांना बसवलं.

बुली होऊन खेळ सुरू झाला. अण्णा म्हणाले, "हं, सांग."

"चेंडू तिकडे गेला," मी म्हटलं.

"तिकडे म्हणजे?"

"उजवीकडे. एका माणसाने घेतला."

"कोण माणूस? राइट आउट की राइट इन?"

मी पाहिलं. अकरा जण धावत होते, समोरचे अकरा जण धावत होते. कोण राइट आउट आणि कोण राइट इन, मला सांगता येईना. सेंटर हाफ झोपेत आहे की जागा, तेही कळेना. चेंडू आत आला, बाहेर गेला, शिट्टी वाजली, लोक ओरडले आणि का ओरडले ते मला समजलं नाही. मी छत्री मिटली, चष्मा पुसला, परत पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"अरे, तीस वर्षं दर रविवारी येतोस इथे," अण्णा म्हणाले. "मग पाहत काय होतास?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही.

"महिपतरावाला," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना दिसत नाही म्हणून मी डोळेही पुसले नाहीत. मॅच संपली तशी म्हणाले, "हजीरा जिंकली. दोन गोल तिकडचे, एक आपला. ओरड्यावरून कळतं."

घरी येऊन कार्ड लिहायला बसलो. कोश उघडला नाही. तीन कार्डं फाडली, चौथं टाकलं. त्यात एवढंच आहे:

'प्रिय महिपतराव, आज फ्रेंडली झाली. अण्णा आले होते, ते म्हणतात हजीरा जिंकली. मॅच कशी झाली ते मला सांगता येत नाही. तू नव्हतास.'